कागदाची मागची बाजू

भिंतीवर उद्या तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढायचा होता, म्हणून आज तिच्यावरचं सगळं उतरवायचं होतं. चौकाच्या भिंतीला शेणाचा आणि गेरूचा नवा हात द्यावा लागतो, आणि तिथं जुना खिळा राहिलेलासुद्धा पुष्पाला चालत नसे. तेव्हा सकाळपासून कॅलेंडर उतरलं, पुष्पाच्या गेलेल्या नवऱ्याचा, पांड्याचा फोटो उतरला, सुनिलचा दाढीचा आरसा उतरला. प्रविणच्या फ्रेमला मात्र हात लावायला कुणी पुढं होईना.

"ती मी काढते," पुष्पा म्हणाली. "लेकाचं सर्टिफिकेट आहे. काच फुटली तर सुनिल घर डोक्यावर घेईल."

भिकी उंबऱ्यात बसून गेरू खलत होती. ती पांड्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून दोन शेतं पलीकडे एकटी राहायची. रानशेतच्या या पाड्यात ती धवलेरी होती, म्हणजे तिनं गाणी म्हटल्याशिवाय कुणाचं लग्न लागत नसे. लग्न लावणाऱ्या बाईला दोन्हीकडचं सगळं ठाऊक असायला हवं, असं तिचं म्हणणं. पाड्याचं म्हणणं थोडं वेगळं होतं. भिकीला एखादी गोष्ट कळली नाही तर तिला जेवण पचत नाही, असं पाडा म्हणे.

गेले दोन आठवडे तिला जेवण पचत नव्हतंच. दोन गोष्टी तिच्या डोक्यात कुसळासारख्या रुतल्या होत्या. पहिली जयवंतीची. प्रविण आणि जयवंती चार वर्षं एकत्र राहत होते, तुळशी अडीच वर्षांची झाली होती, आणि आता कुठं लग्नाचा मुहूर्त निघाला होता. त्यात वावगं काही नव्हतं, इथं बऱ्याच घरांत लग्न असंच सवडीनं लागतं. लग्नाआधी नवरीनं वेवजीला माहेरी जायचं हेही रीतीचंच. पण नवरा पाच महिन्यांनी पलटणीतून सुट्टीवर येतोय आणि बाई नेमकी त्याच सकाळची गाडी धरून निघून जाते, लग्नाला पंधरा दिवस असताना, हे काय?

दुसरी गोष्ट प्रविणची. पोरगा आल्यापासून घरात झोपत नव्हता. खळ्यावर, पेंढ्याच्या उडवीशेजारी अंथरूण टाकत होता. गरम होतं म्हणे. बर्फात राहून आलेल्याला गरम होत असेल, पण भिकीला ते पटलेलं नव्हतं.

पुष्पानं फ्रेम उचलली आणि मागचा पुठ्ठा भुगा होऊन तिच्या पायांवर सांडला.

"वाळवी गे बाय!"

भिकी गेरूच्या हातांनी उठली. मागच्या दिवाळीत प्रविण सीमेवरून पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत हा कागद होता. वर इंग्रजी, खाली गोल शिक्का. सुनिल, प्रविणचा थोरला भाऊ, इको गाडी चालवायचा आणि घरात इंग्रजीचा अधिकारी तोच होता. त्यानं त्यात प्रविणचं नाव ओळखलं, 'ऑपरेशन' हा शब्द ओळखला आणि एवढ्यावर जाहीर केलं की हे लढाईतल्या कामगिरीचं सर्टिफिकेट आहे. दुसऱ्याच दिवशी त्यानं डहाणूहून काच लावून आणलं. पुष्पा रोज सकाळी त्याला कुंकू लावायची. काचेवर कुंकवाचा आता जाड थर बसला होता.

वाळवीनं पुठ्ठा खाल्ला होता पण कागदाला तोंड लावायला तिला अजून वेळ मिळाला नव्हता. भिकीनं काचेमागून तो ओढून काढला आणि उलटा केला.

"पुष्पे, याच्या पाठीवर लिहिलंय."

"असेल काहीतरी."

"काहीतरी कसं? आपली अक्षरं आहेत. हिंदी."

भिकी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं एकेका अक्षरावर गेरूचं बोट ठेवत पहिली ओळ लावली. 'केवल परिवार के लिए.' मग तिनं डोळे बारीक केले आणि हाक मारली, "शितल! ये इकडं. भात राहू दे."

शितल सुनिलची बायको, बारावी झालेली. ती पदराला हात पुसत आली, कागद घेतला आणि वाचता वाचता मराठी करून सांगू लागली.

"तुमचा माणूस बरेच महिने अशा ठिकाणी राहून आला आहे, जिथं गाढ झोपणं म्हणजे मरणं होतं. त्याला झोपेतून हात लावून उठवू नका. दारात उभं राहून, नाव घेऊन हाक मारा." ती थांबली. "अचानक आवाज झाला, भांडं पडलं, तर तो दचकेल. बारीकसारीक कारणानं रागावेल. दारूनं हे वाढतं. कोयता, सुरी अशा वस्तू नजरेआड ठेवा."

भिकीची नजर चुलीशेजारच्या खुंटीकडे गेली. तिथं या घराचा कोयता पिढ्यान् पिढ्या लटकत आला होता. खुंटी रिकामी होती.

"कोयता कुठं आहे, शितल?"

"माझ्या पेटीत." शितलनं मान वर केली नाही. "दिवाळीपासून. जयवंतीनं सांगितलं होतं."

"आणि मला कुणी सांगितलं नाय!" भिकी म्हणाली. तिला खरंच लागलं होतं.

"पुढं वाच," पुष्पा कोरड्या आवाजात म्हणाली.

"त्यानं हात उचलला, तर थकला असेल म्हणून सोडून देऊ नका. मुलांना घेऊन बाहेर पडा. कुठल्या घरी जायचं ते आजच ठरवून ठेवा. मग या नंबरवर फोन करा. मदत मागितल्यानं त्याची नोकरी जात नाही." शितलनं कागद थोडा वर धरला. "आणि खाली आहे, हा कागद जवानानं पहिल्याच दिवशी स्वतः बायकोला वाचून दाखवावा आणि दोघांनी सही करावी. दोन रेघा आहेत. एकीवर प्रविणभाऊंची सही आहे. दुसरी रिकामी."

पुष्पानं कागद तिच्या हातातून काढून घेतला.

"कुणाला बोलायचं नाय. परवा लग्न आहे. वेवजीचे लोक येतील, आपले येतील. डोक्यात काही झालंय असं कानावर गेलं की पलटण पोराला घरी बसवील."

"नोकरी जात नाय असं लिहिलंय ना?"

"लिहिणाऱ्याचं काय जातं?" पुष्पाचा आवाज चढला. "आणि एवढं काय झालं? पांड्यानं मला मारलं नाय? मी गेले का कुठं? भिकीबाय, तुमचाच भाऊ. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

भिकीला ठाऊक होतं. तेव्हा ती शेजारच्याच खोपीत राहायची, मधे फक्त कारवीच्या कुडाची भिंत होती आणि ती पलीकडे भाकऱ्या थापत असायची. जगाची उठाठेव करणारी भिकी त्या एका आवाजाची चौकशी करायला कधी उठली नव्हती. भाऊ होता, भावाचं घर होतं. एकदा तर तिनं भाकरी जरा जोरात थापली होती, म्हणजे आपल्याला ऐकू येणार नाही.

"होतं ठाऊक," ती म्हणाली. "म्हणून तर हा कागद आता परत काचेत जाणार नाय."

तिनं तो पुष्पाच्या हातातून घेतला. पुष्पानं सोडला, पण लगेच नाही.

*

प्रविण अंगणापलीकडे मांडवाच्या डांबांसाठी पहारीनं खड्डे घेत होता. अंगात बनियन, मानेवर घाम. एरवी भिकी मागून गेली असती आणि त्याच्या पाठीत धपाटा घालून विचारपूस सुरू केली असती. लहानपणापासून तिची तीच रीत. आज ती दहा पावलांवर थांबली.

"प्रविण!"

त्यानं वळून पाहिलं. ती कुठं उभी आहे ते पाहिलं. मग पहार हलकेच जमिनीवर टेकवली.

"वाचला वाटतं," तो म्हणाला.

भिकीच्या मनात विचारायचे पन्नास प्रश्न तयार होते. त्या एका वाक्यानं तिची सगळी मांडणी विस्कटली. ती तिथंच मातीच्या ढिगावर बसली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं ते सर्टिफिकेट नाय."

"मीच सही केली ना, फुई." बापाच्या बहिणीला इकडे फुईच म्हणतात. "पुढच्या इंग्रजीतही हेच आहे. पलटणीतले डॉक्टर म्हणाले होते, घरी गेलास की पहिल्या दिवशी वाच. पहिल्या दिवशी तुम्ही हार घेऊन नाक्यावर आलात. रात्री पाहुणे. दुसऱ्या दिवशी पिशवीत बघतो तर कागद नाय. संध्याकाळी दादा फ्रेम घेऊन आला. आई कुंकू लावत होती."

"मग सांगायचं होतंस."

"काय सांगणार? आई, तू ज्याची पूजा करतेस ना, त्यात लिहिलंय की माझ्यापासून सांभाळून राहा?"

भिकीला नको तेव्हा हसू आलं. "काढून तरी टाकायचीस भिंतीवरून."

"काढली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, का काढली." तो हाताला लागलेली माती खरवडत राहिला. "मला वाटलं, भिंतीवरच आहे, कधीतरी कुणीतरी उलटून बघेल. तुम्ही बघाल असं वाटलं होतं. तुम्ही सगळंच बघता."

हे भिकीला चांगलंच झोंबलं. पाच महिने ती त्या फ्रेमखाली बसून चहा प्याली होती.

"ते राहू दे. जयवंतीला मारलंस का तू?"

प्रविणनं पहार जमिनीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "झोपेत होतो, फुई. तिनं उठवायला हात लावला. मला कळलंच नाय कोण आहे. माझा हात तिच्या गळ्यावर होता."

भिकीनं सुस्कारा सोडला. झोपेत. म्हणजे हे दारातून हाक मारून मिटण्यासारखं होतं. पोरगा आपला तोच होता. तिला एकदम हलकं वाटलं आणि या हलकेपणातच तिची चूक झाली, हे तिला दुपारी कळायचं होतं.

"आंघोळ कर," ती म्हणाली. "वेवजीला जायचंय. तुझी सही आहे त्यावर. पाच महिने भिंतीवर ढकललंस, आता तुझ्या तोंडानं वाच."

"आणि ती नाय म्हणाली तर?"

"तर नाय. पण तिला कळू दे कशाला नाय म्हणते ते."

*

सुनिल गाडी काढायला तयार नव्हता. मांडवाचं सामान आणायचं होतं, शिवाय आपल्या इंग्रजीची शोभा झाल्याचं शितलनं त्याला आधीच सांगितलं होतं. शेवटी तीच पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही फक्त चालवा. वाचायचं काही नाय." हायवेला लागल्यावर सुनिल आरशात बघत भावाला म्हणाला, "मला एक शब्द बोलला असतास तर मी काच तरी लावली नसती." प्रविण म्हणाला, "तू एवढा खूश होतास, दादा." त्यानंतर तलासरी येईपर्यंत सुनिलनं हॉर्नही वाजवला नाही. वेवजीच्या फाट्याला वळताना तो नेहमीपेक्षा फार हळू वळला.

जयवंती ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिची आई बायजी घरातून आली, जावयाला बघितलं आणि पाण्याचा तांब्या भिकीच्याच हातात दिला. तुळशी बापाला बघून आईच्या मागे गेली आणि तिथून डोकावत राहिली. रडली नाही. पोर किती सराईतपणे आईच्या पाठीमागे गेली, ते भिकीनं पाहून ठेवलं.

"लग्न परवा आहे," जयवंती म्हणाली. "नवरा आज कशाला आला?"

"वाचायला," भिकी म्हणाली.

प्रविण अंगणात उभाच राहिला. जयवंतीनं बस म्हटलं नाही आणि तोही बसला नाही. त्यानं कागद उघडला. आधी परेडवर हुकूम द्यावा तशी मोठ्या आवाजात सुरुवात केली. बायजी दचकली तसा तो थांबला आणि पहिल्यापासून हळू वाचू लागला. हिंदीत एक ओळ, मग मराठीत तीच. झोपेतून उठवण्याची ओळ आली तेव्हा जयवंतीचे हात तांदळात थांबले.

"हे तुला तेव्हा ठाऊक होतं?" तिनं विचारलं. "माझा गळा धरलास त्याच्या आधी?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाय."

"नाय सांगितलं."

"झोपेत होता गे तो," भिकी मध्ये पडली. "त्याला तरी काय कळणार?"

जयवंतीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे बाई बघतात तसं.

"झोपेत एकदा, फुई. ते मी कधीच सोडून दिलं. जागेपणी दोनदा. एकदा तुळशीच्या हातून ताट पडलं म्हणून. एकदा कशावरून, ते मला अजून कळलं नाय. त्यानं ते सांगितलं का तुम्हाला?"

भिकीनं प्रविणकडे पाहिलं. प्रविणनं कागदाकडे पाहिलं. कागदात ते लिहिलेलं नव्हतं.

"नाय सांगितलं," भिकी म्हणाली. तिला पोराचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. चौकशीत नाव कमावलेली बाई, आणि पहिल्या सोप्या उत्तरावर समाधान मानून गाडीत बसली होती.

"जागा होतो," प्रविण म्हणाला. "दोन्ही वेळा जागा होतो. ताट पडलं तेव्हा दचकलो, ते खरं. पण हात उचलला तेव्हा समोर तू आहेस ते दिसत होतं."

सुनिल गाडीपाशी उभा होता. तो वळून दुसरीकडे बघू लागला. शितलनं त्याचं कोपर धरून त्याला परत इकडे वळवलं.

"पुढं वाच," जयवंती म्हणाली.

तो वाचत गेला. कोयत्याची ओळ, दारूची ओळ. मग आलं, कुठल्या घरी जायचं ते आजच ठरवून ठेवा.

"माझं घर," भिकी लगेच म्हणाली. "त्यात ठरवायचं काय? दोन शेतं तर आहेत मधे."

जयवंतीनं सूप पुढं ओढलं. तांदळातला एक खडा तिनं वेचला, टाकला.

"तुमचंच ठरवलं होतं मी, फुई. भाऊबीजेच्या रात्री. तुळशीला कडेवर घेऊन दोन्ही शेतं तुडवत आले. दार आतून बंद. तीनदा वाजवलं. मोठ्यानं हाक मारायची सोय नव्हती, पाड्याला कळलं असतं. मग मी उडवीत बसून राहिले. उजाडल्यावर विहिरीवर घसरले म्हणून सांगितलं."

भिकीला तो खडखडाट आठवला. अगदी स्पष्ट आठवला. झोपेत तिला वाटलं होतं, मांजर असेल. आणि कुडापलीकडच्या त्या आवाजासारखंच, काय आहे ते बघायला ती याही वेळी उठली नव्हती.

"मांजर वाटलं गे मला," ती म्हणाली. ओट्याच्या कडेला बसून ती रडली, आणि आपण रडतोय हे सगळे बघतायत याचं तिला काहीही वाटलं नाही. जयवंतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तांदळाचं सूप मात्र बाजूला सरकवून तिला जागा करून दिली.

मग जयवंती उठली आणि प्रविणला म्हणाली, "फोन लाव. त्या नंबरवर. मला ऐकू येईल असा."

त्यानं लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, हिंदीत, शांत. प्रविणनं नाव सांगितलं, पलटण सांगितली. मग म्हणाला, "मैंने घर में हाथ उठाया है." हे वाक्य बोलायला त्याला दोन प्रयत्न लागले. बाईनं आधी विचारलं, बायको आत्ता सुरक्षित आहे का, आणि तिच्याशी बोलता येईल का. जयवंती फोन घेऊन घराच्या मागे गेली. भिकीला ते बोलणं ऐकावंसं फार वाटलं. ती जागची हलली नाही.

परत आल्यावर जयवंती म्हणाली, "त्याला दर दोन दिवसांनी फोन करायचाय. सोमवारी गावातून निघून त्यांच्या डॉक्टरला भेटायचंय. मी इथंच राहणार. तुळशीला बघायला दिवसा यायचं. लग्न या सुट्टीत नाय."

"चौक उद्या आहे," सुनिल नकळत बोलून गेला.

"आईंना मीच सांगते. चला."

*

पुष्पानं भिंत सारवून ठेवली होती. तांबडी, ओली, कोरी भिंत. जयवंती तिच्यापुढं उभी राहून सगळं बोलली. पुष्पा ऐकत होती आणि तिचा चेहरा क्षणाक्षणाला आवळत होता.

"लोकांना काय सांगू?" शेवटी ती म्हणाली. "निरोप गेलेत. डांब आलेत. चार वर्षं झाली, आता आणखी किती थांबायचं?"

"पुष्पे," भिकी म्हणाली, "तुझं लग्न मीच लावलं. सुनिल तेव्हा सात वर्षांचा होता आणि माझ्या गाण्यात मधेच येऊन म्हणाला होता, आईला भूक लागलीय. त्यानं तुझं काय अडलं? आपल्याकडं लग्न थांबतं. बाईची मान मोडली तर परत जुळत नाय."

शितल तोंड फिरवून हसली. पुष्पा हसली नाही. तिनं जयवंतीच्या गळ्याकडे पाहिलं, जणू पाच महिन्यांपूर्वीची खूण अजून दिसणार होती.

"मला कुठं जाता येत नव्हतं," ती पुटपुटली. "मला कुणी विचारलंही नाय, कुठं जाशील म्हणून." हे ती कुणाला म्हणाली ते भिकीला बरोबर कळलं. मग पुष्पानं सारवणाचं भांडं उचललं. "भिंत राहू दे अशीच. वाळली की पुढच्या सुट्टीत पुन्हा सारवू. निरोप मी देते सगळ्यांना. नवरा आजारी आहे म्हणून सांगते. खोटं नाय ते."

"आजारी म्हणा," जयवंती म्हणाली. "पण हात त्याचा होता, हेही लक्षात ठेवा."

"ठेवते," पुष्पा म्हणाली.

उन्हं कलायला अजून अवकाश होता. पुढं कधी इथं परत आलीच तर, म्हणून जयवंतीला भिकीचं दार बघायचं होतं. दाराला आतून एक लाकडी पट्टी होती, एका बाजूनं खिळ्यावर फिरणारी. ती खाली पडली की दार बंद. नवरा गेल्यावर भिकीनं मुद्दाम बसवून घेतली होती.

"काढूनच टाकते," भिकी म्हणाली. "मला कोण नेतंय?"

"आणि हा माझ्या मागोमाग आला तर?"

उत्तर प्रविणनं दिलं. तो सुनिलच्या गाडीतून गिरमिट घेऊन आला, पट्टीच्या वर दारात बोटभर भोक पाडलं, पट्टीला सुतळी बांधली आणि तिचं टोक भोकातून बाहेर काढलं.

"बाहेरून सुतळी ओढली की पट्टी उचलते, दार उघडतं," तो जयवंतीला म्हणाला. बोलताना तो तिच्यापासून हातभर लांब राहिला होता. "आत आलीस की सुतळी आत ओढून घ्यायची. मग बाहेरून मला काही करता येणार नाय."

जयवंतीनं तुळशीला कडेवर घेतलं, शेताच्या बांधापर्यंत गेली आणि तिथून भरभर चालत आली. एका हातानं सुतळी ओढली. दार उघडलं. ती आत आली, दार लोटलं, पट्टी खाली पडली. तिनं सुतळी आत ओढली. भोकातून उन्हाचा एक बारीक ठिपका तेवढा आत आला.

"आता ढकल," ती म्हणाली.

बाहेरून दार किंचित हललं.

"असं नाय. जोर लाव. तेव्हा लावला होतास तेवढा."

बाहेर दोन पावलं मागे गेल्याचा आवाज आला. मग दारावर खांदा आदळला. वरून माती झडली, आत थांबलेल्या भिकीनं तुळशीचे कान झाकले. पुन्हा एकदा आदळला. पट्टी होती तिथंच राहिली.

"नाय उघडत," बाहेरून प्रविण म्हणाला. तो धापा टाकत होता, आणि त्या आवाजात इतकी सुटका होती की भिकीनं त्याची आणखी काही चौकशी केली नाही.

जयवंतीनं वेवजीला फोनच्या वेळी घेतलेला, कमरेला खोवलेला कागद काढला. दाराच्याच फळीवर धरून तिनं रिकाम्या रेघेवर आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर जपून. मग खाली वाकून तो कागद तिनं दाराखालून बाहेर सरकवला. दार तिनं उघडलं नाही.